तुर्की पक्षाघात रुग्णांसाठी सीआयक्यू: भाषांतर झालं, आता लगेच वापरू का?

तुमचा प्रश्न असा आहे की कम्युनिटी इंटिग्रेशन क्वेश्चनेअर, म्हणजे सीआयक्यू (रुग्ण घरात, लोकांत आणि कामधंद्यात किती सामील आहे ते मोजणारी प्रश्नावली), तुर्कीत आणलंय, उलट भाषांतरही (तुर्कीतून परत मूळ भाषेत) जुळलंय, तर आता थेट पक्षाघाताच्या रुग्णांकडून भरून घ्यावं का?

एवढ्यात नको. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. माझ्या मते भाषा हा यातला सोपा भाग. खरी गोची गुणांमध्ये आहे.

१९९३ साली बॅरी विलर आणि सहकाऱ्यांनी ही प्रश्नावली मांडली ती मेंदूला मार बसलेल्यांसाठी. प्रश्न १५, गुण जास्तीत जास्त २९: घरकामाचे १०, लोकांत मिसळण्याचे १२, कामधंद्याचे ७. स्वयंपाक कोण करतं? एकट्याने केला तर २, कुणाबरोबर केला तर १, दुसऱ्यानेच केला तर ०. आता तुर्कस्तानातल्या कोन्या शहरातल्या सत्तरीतल्या आजोबांना विचारा. जन्मात चुलीपाशी न गेलेला माणूस. त्याचा शून्य पक्षाघाताने आलेला नाही. (आपल्याकडचे आजोबा काही वेगळे नाहीत म्हणा.) उलट सून आली म्हणून स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या आजीचेही गुण कापले जातात.

म्हणून गुणांची पद्धत बदलू का, असा मोह होतो. बदलू नका. बदललीत तर इतर देशांतल्या आकड्यांशी तुलनाच संपली. त्यापेक्षा आजारापूर्वी हे काम कोण करत होतं, हे वेगळ्या रकान्यात टिपा आणि निकाल स्त्री-पुरुष वेगळे मांडा.

उदाहरणं मात्र बिनधास्त बदला. विरंगुळ्याच्या प्रश्नात सिनेमा, खेळ, रेस्टॉरंट आहे. तिथला पुरुष काहवेहानेत, म्हणजे कॉफीच्या अड्ड्यावर, बसून तावला (बॅकगॅमन) खेळतो. बायका ‘ग्युन’ला जातात, म्हणजे आपली भिशीच, बऱ्याचदा सोन्याची. हे नावानिशी लिहिलं नाहीत तर बाई सरळ ‘कधीच नाही’वर खूण करेल. विरंगुळा कुणाबरोबर, या प्रश्नात ‘डोक्याला मार लागलेले मित्र’ असा पर्याय आहे, तिथे पक्षाघात घाला. त्याच प्रश्नात कुटुंबाला तसा मार न लागलेल्या मित्रांपेक्षा कमी गुण आहेत, हे अहवालात मर्यादा म्हणून नोंदवा.

मग ३०-४० रुग्णांवर पूर्वचाचणी. फक्त भरून घेऊ नका. ‘हा प्रश्न वाचून तुम्हाला काय वाटलं?’ असं समोर बसून विचारा. त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी पुनर्चाचणी, आयसीसी (दोन्ही वेळची उत्तरं किती जुळतात) आणि क्रोनबाख अल्फा (एका गटातले प्रश्न आपसात किती जुळतात). कामधंद्याच्या गटात मोजके प्रश्न असल्यामुळे तिथे अल्फा कमी आला तर दचकू नका.

राहिला अफेजियाचा, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणं-समजणं बिघडण्याचा मुद्दा. अशा रुग्णांना वगळलंत तर मेंदूच्या डाव्या भागात पक्षाघात झालेले कितीतरी लोक अभ्यासाबाहेर जातील. सीआयक्यू घरच्यांकडून भरून घेता येतं. पण उत्तर रुग्णाचं की बायकोचं, हे प्रत्येक फॉर्मवर लिहा. पडताळणीच्या वेळी दोन्ही ढीग एकत्र करू नका.