विभक्त: चुलीचे, सातबाऱ्याचे आणि पाणिनीचे

एका वाचकाचा प्रश्न आहे. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर ‘कुटुंब : एकत्र / विभक्त’ असा रकाना होता. नोकरीमुळे हे ठाण्यात, आईवडील आणि भाऊ गावी, शेती सगळ्यांची मिळून. यांनी ‘विभक्त’वर खूण केली आणि वडील दुखावले. म्हणाले, “वाटण्या कधी झाल्या रे?” चूक कोणाची, आणि या विभक्तचा शाळेतल्या विभक्तीशी काही संबंध आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

चूक फॉर्मची नाही आणि वडिलांचीही नाही. वडील शब्द मुळाला धरून वाचत होते, इतकेच. ‘भज्’ या धातूचा एक जुना अर्थ वाटणे, वाटा देणे. भाग, विभाग, भाजक, भागाकार ही सगळी त्याचीच लेकरे. त्याला ‘वि’ लागून विभक्त झाला. त्यामुळे विभक्त म्हणजे नुसते वेगळे नव्हे. आधी एक होते, मग वाटले गेले, असे ते वेगळे. आंबा आणि फणस वेगळे असतात, त्यांना कोणी विभक्त म्हणत नाही. शेजारी वेगळा, भाऊ विभक्त.

समाजशास्त्राच्या पुस्तकांनी आईबाप आणि लग्न न झालेली मुले एवढ्या घराला ‘विभक्त कुटुंब’ म्हटले आणि तेच फॉर्मवर आले. तिथे फक्त कोण कोणाबरोबर राहते एवढेच बघतात. रेशनकार्ड ‘विभक्त’ करून घेतात तेव्हा चूल बघतात. हिंदू कायदा यांपैकी कशावरच थांबत नाही. वेगळे राहणे, वेगळे जेवणे एवढ्याने कोणी विभक्त ठरत नाही. वेगळे व्हायचा स्पष्ट इरादा लागतो. उलट तो इरादा नीट जाहीर केला, तर जमिनीची सरस-निरस बघून वाटणी व्हायच्या आधीच, एकाच छपराखाली राहूनही माणूस कायद्याने विभक्त होऊ शकतो. गावाकडच्या सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असे दिसते ना, ते ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’. प्राप्तिकरवाल्यांचे ‘हिंदू अविभक्त कुटुंब’ही याच घरातले. म्हणजे प्रश्नकर्ते शाळेत विभक्त आणि तलाठ्याकडे एकत्र. दोन्ही खरे.

वधूवरांच्या जाहिरातीतला ‘विभक्त’ मात्र जरा निसरडा. कधी तो नुसते वेगळे राहणारा असतो, कधी लोक घटस्फोटितालाच तसे म्हणतात. हिंदू विवाह कायद्याच्या (1955) कलम 10 खाली कोर्टाने वेगळे राहायची मुभा दिली तरी लग्न मोडत नाही. जाहिरात वाचणाऱ्याने सरळ विचारून घ्यावे.

आता विभक्ती. संबंध आहे, सख्खा आहे. पाणिनी नामांच्या आणि क्रियापदांच्याही प्रत्ययांना विभक्ती म्हणतो. मराठीत ते नाव नामांपुरते उरले. गंमत अशी की वाटणीचे नाव मिरवणारे हे प्रत्यय मराठी शब्दाला घट्ट चिकटून बसतात. आपण ‘रामाने’ लिहितो, हिंदी ‘राम ने’ असे तोडून लिहिते. विभक्त झाली ती हिंदीत!

आणि खुद्द हा शब्द पाणिनीच्या एका सूत्रात आहे: ‘पञ्चमी विभक्ते’. दोघांची तुलना करायची आणि ते एकमेकांपासून वेगळे असले तर पंचमी वापरा. त्याच्या आधीचे सूत्र सांगते, एकाला त्याच्याच समूहातून निवडायचे असेल तर षष्ठी किंवा सप्तमी. आपण हे न शिकताच पाळतो. ‘वर्गातल्या मुलांत श्याम उंच’ म्हटले की श्याम त्या वर्गातलाच. ‘त्या मुलांहून श्याम उंच’ म्हटले की तो त्यांच्या बाहेर उभा. एका प्रत्ययाने त्याला रांगेतून काढले. इतके बारीक काम ‘वेगळा’ या शब्दालाही जमत नाही.

रामदासांनी या धातूवर दासबोधात सरळ कोटी केली आहे: ‘भक्त म्हणिजे विभक्त नव्हे । आणि विभक्त म्हणिजे भक्त नव्हे ।’ ऐकायला नुसते यमक वाटते, पण दोन्ही शब्द एकाच आईचे. भज्‌चाच दुसरा अर्थ आपलासा करणे, सेवा करणे, म्हणून भक्त. संस्कृतात भक्त म्हणजे शिजवलेले अन्नही, वाट्याला आलेले. प्राकृतात त्याचे ‘भत्त’ झाले आणि आपल्या पानात तो भात होऊन आला. तेव्हा गावी गेलात की वडिलांच्या पंगतीला बसून भात वाढून घ्या. तो वाटा घेतल्याने कोणी विभक्त होत नाही.