साखर सोडली तर आमवातातल्या पेशी उपाशी राहतात का?

तुम्ही लिहिलंय की आईला ऱ्हुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे आमवात आहे. सुजलेल्या सांध्यातल्या पेशी भरमसाट साखर वापरतात हे वाचून तुम्ही तिचा चहा बिनसाखरेचा केलात आणि भातही बंद केलात. आता सूज उतरेल का, हा प्रश्न.

वाचलंत ते खरं आहे. उपाय मात्र लागू पडणार नाही.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. निरोगी सांध्यातलं वंगण अंड्याच्या पांढऱ्यासारखं असतं, सिरिंजमधून थेंब सोडला की तार लोंबते. आमवाताच्या गुडघ्यातलं पाणी गढूळ येतं, थेंब टपकन तुटतो. त्यात ग्लुकोज बरेचदा रक्तापेक्षा कमी आणि लॅक्टेट, म्हणजे ग्लुकोज अर्धवट मोडल्यावर उरणारा पदार्थ, जास्त निघतं. सांध्याचं अस्तर पेशी वाढून जाड होतं, नव्या रक्तवाहिन्या तयार होऊनही आत ऑक्सिजन कमी पडतो. मग पेशी ग्लुकोज अर्धवट मोडतात. पूर्ण जाळलं तर एका रेणूमागे ३० च्या आसपास एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, असं मोडलं तर फक्त २. म्हणून त्या ते अधाशासारखं ओढून घेतात. कर्करोगाच्या पेशींची अशी खोड जर्मन शास्त्रज्ञ ऑटो वॉरबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवली होती. शिवाय साचलेलं लॅक्टेट नुसता कचरा नाही, तेही दाह भडकवतं.

टी पेशींची, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींची, तऱ्हा वेगळी. त्यांच्यात पीएफकेएफबी३ हे एन्झाइम कमी पडतं, ग्लुकोज ऊर्जेच्या वाटेवरून वळून नव्या पेशी बांधायच्या कामी लागतं आणि त्यांची संख्या भराभर वाढते.

आता ताटाचं बघा. जेवणातून ग्लुकोज आलं नाही तर यकृत ते तयार करतं, म्हणजे सुजलेल्या सांध्यातल्या पेशींना ते मिळतच राहतं. त्यासाठी स्नायूंतली प्रथिनंही मोडली जातात. आमवातात स्नायू आधीच झडत असतात. चहातली साखर कमी केलीत ते चांगलंच, पण मधुमेह नसेल तर आईचा भात कृपा करून सुरू करा, सोबत डाळ, अंडं, दही भरपूर द्या.

पेशींच्या या कारभारात औषधं खरोखर हात घालतात. मेथोट्रेक्सेट फॉलेटचं (पेशी वाढायला लागणाऱ्या ब जीवनसत्त्वाचं) चक्र अडवतं, लेफ्लुनोमाइड डीएनएच्या कच्च्या मालाचा पुरवठा तोडतं. आईला मेथोट्रेक्सेट चालू असेल तर एक नक्की तपासा: आमवातासाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. आमच्याकडे अशा एका आजींचं रक्त आलं होतं, पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या. कॅलेंडरवर त्या वाराभोवती लाल गोल करून ठेवा.