तो स्क्रीनशॉट पुरावा नव्हता, बाबा

काल पणजीतल्या तरंगत्या कॅसिनोंच्या वादात तू पुरावा म्हणून जो स्क्रीनशॉट टाकलास, तो एका विनोदी पानावरचा होता रे. 'मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटी तरंगतात, म्हणून त्या पणजीत धरायच्या नाहीत', असं कुठलं सरकारी खातं लेखी देईल? तुझ्यापर्यंत आला तेव्हा तळची 'काल्पनिक' ही ओळ कापलेली होती. तियात्रात, म्हणजे गोव्याच्या कोंकणी नाटकात, कांतार (गाणं) म्हणणारा मंत्र्याची टर उडवतो तेव्हा निदान रंगमंच तरी समोर दिसतो.

लाजू नकोस. २०१२ साली 'द ओनियन' या अमेरिकी विनोदी बातमीपत्राने किम जोंग उनला सर्वांत मादक पुरुष ठरवलं, तर चीनच्या पीपल्स डेलीच्या संकेतस्थळाने ५५ फोटोंसह ते खरं म्हणून छापलं! म्हादई नदीच्या पाण्याच्या वादात मीही असाच तोंडघशी पडलोय. फोंड्यात भाजीपाव खाताना दोस्त अजून आठवण काढतात.

वाचून 'बघा, मी म्हणत होतो ना!' असं वाटलं की तिथेच थांब. मूळ पान उघड, तिथल्याच आणखी दोन बातम्या वाच. त्यात म्हशी निवडणूक लढवत असतील तर कळेलच. आणि चुकलास तर पोस्ट गुपचूप उडवू नकोस, खाली 'चुकलो' लिही. समोरच्याने तोवर तुझाच स्क्रीनशॉट काढलेला असतो.