हुकूमशहा सगळेच, पण 'सर्वंकष' कोण?

प्रश्न असा आला आहे : 'मुसोलिनी, हिटलर, स्टालिन आणि स्पेनचा प्रिमो दे रिव्हेरा, सगळ्यांनाच आपण हुकूमशहा म्हणतो. मग टोटॅलिटेरियनला मराठीत वेगळा शब्द नाही का? एकाधिकारशाही चालेल?'

एकाधिकारशाही मी तरी वापरणार नाही. एकाधिकार म्हणजे मक्तेदारी. विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्याला त्यावरून कापसाची सरकारी 'एकाधिकार खरेदी' आठवेल. टोटॅलिटेरियन म्हणजे माणसाचं सगळं जगणंच ताब्यात घेऊ पाहणारी सत्ता. तिच्यासाठी आपल्याकडे 'सर्वंकष' हा चांगला रुळलेला शब्द आहे. (अनुस्वार 'र्व'वर. 'सर्वांकष' चूक.)

मूळ इटालियन शब्द जन्मला तो निवडणुकीतल्या एका लबाडीवरून. स्थानिक निवडणुकीत मुसोलिनीच्या फॅसिस्टांनी बहुमताच्या जागांसाठी आपली यादी दिलीच, शिवाय अल्पमतासाठी सोडलेल्या जागांवरही आपलीच माणसं उभी केली. जोव्हानी आमेंदोला या विरोधी नेत्याने मे १९२३मध्ये याला 'तोतालितारिओ', म्हणजे सगळंच बळकावणारी, पद्धत म्हटलं. झाला टोमणा, पण मुसोलिनीने तो उचलला आणि जून १९२५च्या भाषणात स्वतःच्या इच्छाशक्तीला तेच विशेषण लावून मिरवला. पुढच्याच महिन्यात आमेंदोलाला फॅसिस्ट टोळीने बेदम मारलं. त्या दुखण्यातून तो उठला नाही. एप्रिल १९२६मध्ये फ्रान्समध्ये वारला.

आता आपला शब्द. 'कष्' म्हणजे घासणं, खरवडणं. ज्यावर सोनं घासतात ती कसोटी याच धातूची. 'सर्वंकष' कसा बनतो हे सांगणारं पाणिनीचं सूत्र आहे आणि त्यावर काशिकावृत्ती या जुन्या टीकाग्रंथातली उदाहरणं बघा : काठ खरवडत जाते ती कूलंकषा नदी, ढगांना घासतो तो अभ्रंकष गिरी आणि सर्वंकष कोण, तर खल, म्हणजे दुष्ट माणूस! आपण मात्र बिनधास्त 'सर्वंकष आढावा' घेत असतो. त्यात चूक काही नाही, अर्थ केव्हाच निवळला आहे. पण राज्यसत्तेपुढे हे विशेषण लावलं की जुनं खरवडणं पुन्हा ऐकू येतं.

प्रिमो दे रिव्हेराने १९२३मध्ये राजाच्या संमतीने सत्ता घेतली, राज्यघटना गुंडाळली, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसवला आणि १९३०च्या जानेवारीत पायउतार झाला. तो हुकूमशहा खराच, पण सर्वंकष म्हणावं एवढी त्याची पोच नव्हती. हुकूम पाळला की अशा माणसाचं काम भागतं. घरात तुम्ही काय बोलता याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं.

मुसोलिनीच्या राजवटीला होतं. तिने कामगारांच्या फावल्या वेळासाठीही सरकारी संस्था काढली. १९३८मध्ये तर सर्वनामालाच हात घातला. इटालियनमध्ये परक्या माणसाला आदराने 'लेई' म्हणतात. हे लाचार आणि परकीय वळण आहे, म्हणून 'व्होई' म्हणा, असा आदेश निघाला. म्हणजे उद्या सरकारने 'आपण' बंद, सगळ्यांना 'तुम्ही'च म्हणा, असं फर्मावल्यासारखं. गंमत अशी, की 'लेई'चा दुसरा अर्थ नुसता 'ती'. त्या नावाचं बायकांचं एक मासिक होतं, त्यालाही त्याच वर्षी नाव बदलून 'अन्नाबेल्ला' व्हावं लागलं.

तेव्हा प्रिमोला नुसता हुकूमशहा म्हणा. बाकी तिघांच्या राजवटींना 'सर्वंकष हुकूमशाही'. 'सर्वंकषवाद' मात्र नको, तो एखाद्या दर्शनाचं नाव वाटतो.