देव मदतीला धावला, तर विनोदी चित्रपटातला पेच टिकतो कसा?

देवाला एक ठाम मर्यादा घाला आणि पहिल्या २५ मिनिटांत ती प्रेक्षकाला कळू द्या. देव काहीही करू शकतो असं दिसलं की मध्यंतरानंतर काळजी उरत नाही आणि हशाही आटतो.

केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) मध्ये देवीच्या कृपेने नायकाला बायकांच्या मनातलं ऐकू येऊ लागतं, बस्स. पैसा नाही, नशीब नाही. सगळा गोंधळ त्या वरदानातूनच उभा राहतो. मला ही रचना फार पक्की वाटते.

गोष्ट गणेशोत्सवात घडवत असाल तर मुदत आयतीच मिळते. पाच दिवसांचा घरगुती गणपती घ्या. दहा दिवस घेतले की मधले प्रसंग रेंगाळतात. शेवटचा पेच नायकाने स्वतः सोडवावा. तो देवाने सोडवला की नायक शेवटी होता तिथेच राहतो.

चित्रीकरणाचं एक सांगतो: विसर्जनाच्या प्रसंगासाठी हुबेहूब तीन मूर्ती तरी करून घ्या. शाडूची मूर्ती पाण्यात गेली की दुसऱ्या टेकला उपयोगाची नसते. ढोल-ताशात संवाद नीट रेकॉर्ड होत नाहीत, म्हणून डबिंगची तरतूद आधीच ठेवा.