वळायचं नसतं, म्हणून कळत नाही

"मॅडम, पुरावा समोर ठेवला तरी मानतच नाहीत हो!"

गेल्या वर्षभरात माझ्या रत्नागिरीच्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य किती जणांनी म्हटलं, त्याचा हिशेब मी सोडून दिला आहे. कुणाचा नवरा छातीतल्या कळेला गॅस म्हणतो. कुणाची सासू मुलाच्या दारूबद्दल "संगतीमुळे होतं, तो तसा नाही" म्हणते. कुणाचा भाऊ दामदुप्पट योजनेत तिसऱ्यांदा पैसे घालतो. शेवट सगळ्यांचा एकच: "त्यांना कळतं, पण वळत नाही."

ही म्हण मला पटत नाही. बावीस वर्षं या खुर्चीत बसल्यावर मी ती उलटी करून वापरते. माणसाला वळायचं नसतं, म्हणून त्याला कळत नाही. वळण्याची किंमत त्याने आधीच, स्वतःच्याही नकळत, मोजलेली असते.

एक गोष्ट सांगते. संबंधितांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पावसच्या बाजूची एक शिक्षिका आली. वय चौतीस. वडील, म्हणजे तात्या, आंब्याचे बागायतदार. स्वतःची कातळावरची कलमं, शिवाय कराराने घेतलेल्या तीन बागा. आई गेल्यापासून तात्या घरी एकटे. पाच वर्षं तोटा, वाशीच्या दलालाची उचल फिटत नाही, आणि तरी दर दिवाळीला एकच पालुपद: "औंदा मोहोर बघ, औंदा भरून निघेल." तिने लॅपटॉपवर पाच वर्षांचा जमाखर्च मांडला होता. फवारण्या, मजुरी, खोके, वाहतूक, सगळं रकान्यांत. निव्वळ तोटा 6 लाख 40 हजार. तात्यांनी पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थ्रिप्सचं वर्ष धरू नको. अवकाळीचं पण धरू नको." थ्रिप्स म्हणजे मोहोरावरची कीड.

"दोन वर्षं काढली की उरतं काय?" ती मला म्हणाली. "स्वतःला फसवतायत. तुम्ही समजवा."

मी समजावायला बसले नाही. पूर्वी बसले असते. माझी जडणघडण विचार तपासणाऱ्या परंपरेतली आहे. समज पुराव्याशी ताडून बघायचा, चुकला तर बदलायचा, हे मी अजूनही मानते. पण पुरावा पुढे करून कुणाचा घट्ट समज सुटला, असं मी फार क्वचित पाहिलं आहे. झिवा कुंडा या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1990 साली हे नेमकेपणाने मांडलं: माणूस हवं ते नुसतंच मानत नाही, त्यासाठी कारणं शोधतो, फक्त शोधाची दिशा आधी ठरलेली असते. थ्रिप्स खरे होते, अवकाळीही खरा होता. तात्या खोटं एक अक्षर बोलत नव्हते. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी यातली मेख दोन प्रश्नांत पकडली आहे. आवडती गोष्ट ऐकली की आपण विचारतो, "हे मानता येईल का?" नावडती ऐकली की, "हे मानावंच लागेल का?" पहिल्या प्रश्नाला एक कारण पुरतं. दुसऱ्यातून सुटायलाही एकच पुरतं.

तिसऱ्या भेटीला तात्या आले, रक्तदाबाच्या गोळ्या आणायचं निमित्त करून. जूनचा पाऊस. छत्री दाराशी टेकवली आणि बोलण्याआधीच म्हणाले, "बागेबद्दल काय बोलायचं नाय."

"नको," मी म्हटलं. "पासबुक कधी भरून आणता?"

ते हसले. आंब्याचे पैसे जमा झाले की दर आठवड्याला बँकेत. पावसाळा लागला की पासबुक कपाटात. लबाडी समजू नका, हे आपण सगळेच करतो. कार्लसन, लोवेनस्टाइन आणि सेप्पी या अभ्यासकांनी 2009 साली दाखवून दिलं की गुंतवणूकदार बाजार चढता असला की आपलं खातं वरचेवर उघडून बघतात, पडता असला की कमी. अर्थशास्त्रात पूर्वी माहिती ही फुकट मिळाली तर कुणीही घेईल अशी वस्तू धरायचे. पुढे त्यांच्याही लक्षात आलं की मनातला समज ही मालमत्ता असते. माणूस तिच्यावर जगतो, तिची राखण करतो, आणि राखणीसाठी पैसेही मोजतो. कराराच्या बागांचे पैसे तात्या बहुधा त्याच खात्यावर भरत होते.

मी विचारलं, "तात्या, वहीतला तोटा खरा धरला, तर आणखी काय काय खरं धरावं लागेल?"

छत्रीखाली पाण्याचं थारोळं झालं होतं. ते त्याच्याकडे बघत राहिले. बराच वेळ. अशा वेळी समुपदेशकाने तोंड उघडू नये, हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

"मग दादाचं खरं म्हणायला लागेल," ते म्हणाले.

1991 साली तात्या मुंबईची नोकरी सोडून गावी आले होते. रोजगार हमीतून फळबागेची योजना नुकतीच सुरू झाली होती. कातळात सुरुंग लावून खड्डे, लांबून आणलेली माती, पहिली तीन वर्षं डोक्यावरून पाणी. थोरला भाऊ मुंबईहून येऊन बघून गेला आणि चार माणसांत म्हणाला, "दगडावर पैसे पेरतोय." तो भाऊ आता हयात नाही. भांडण मात्र अजून चालूच होतं.

मुलीच्या रकान्यात 6 लाख 40 हजारांचा तोटा होता. तात्यांना तो आकडा मानायचा, तर पस्तीस वर्षं मोजून द्यावी लागणार होती. कोण देईल? मी तरी दिली नसती.

मग आम्ही ती दोन खाती वेगळी केली. तेव्हाच्या माहितीवर बाग लावली ती चूक होती का, हा एक प्रश्न. येत्या हंगामात दुसऱ्याच्या बागा कराराने घ्याव्यात का, हा दुसरा. पहिल्यावर ते ताडकन म्हणाले, "चूक कसली? हिचं बीएड त्याच कलमांवर झालं."

"ते वहीत आहे?"

नव्हतं. मुलीचा हिशेब पाच वर्षांपूर्वीपासून सुरू होत होता. पुढच्या भेटीला तिने लॅपटॉप उघडला तेव्हा तात्या म्हणाले, "बाय, सगळ्यात वर आधी ते लिही." तिने लिहिलं. मग त्यांनी चष्मा लावला आणि स्वतः एकेक ओळ बोटाने वाचत खाली आले. मला तो क्षण अजून दिसतो: पडद्यावर टेकलेलं जाड, चिकाने डागाळलेलं बोट. सतराव्या की अठराव्या ओळीवर ते थांबलं.

"ह्यो पंप विहिरीचा. घरच्या पाण्याचा. आणि ह्ये पत्रे पडवीचे. बागेत कशाला?"

38 हजार आणि 52 हजार. मुलगी गोरीमोरी झाली. तिने मुद्दाम केलं नव्हतं. पण प्रत्येक संशयास्पद पावती बागेच्याच रकान्यात कशी गेली, हे मी विचारल्यावर ती रडली. तात्यांनी बागा सोडून तिच्या फ्लॅटवर राहायला यावं, ही तिची इच्छा होती. आई गेल्यावर त्यांना एकटं ठेवल्याची टोचणी होती. तो तोटा जितका मोठा, तितकं तिचं मन मोकळं होणार होतं.

तुमच्या घरातलं कुणी "मानत नाही" असं वाटतं तेव्हा म्हणूनच मी आधी तुमच्याकडे वळते. त्याने मानलं तर तुमचं काय साधणार आहे? हे एकदा कागदावर लिहा, मग त्याच्यापुढे पुरावा ठेवा. पुरावा मांडताना त्याची एखादी खरी बाजू आधी नोंदवा, आणि ती मनापासून नोंदवा. नाटक लगेच कळतं. मागचा निर्णय आणि पुढचा निर्णय एका वाक्यात आणू नका. "मी तेव्हाच सांगत होते" हे तर गिळाच. त्या वाक्याने समोरच्याची वळायची किंमत दुप्पट होते. आणि आकडे त्यालाच तपासू द्या. चूक सापडली तर सापडू दे. 90 हजार वजा जाऊनही 5 लाख 50 हजारांचा तोटा उरलाच होता, पण आता तो तात्यांनी स्वतः काढलेला आकडा होता.

छातीतल्या कळेला मात्र हे सगळं लावत बसू नका. तिथे आधी डॉक्टर, मन नंतर.

क्लिफर्ड नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने 1877 साली एका जहाजमालकाचं उदाहरण दिलं होतं. जहाज जुनं, मनात शंका. तो शंका दाबतो, "इतक्या सफरी निभावल्या, हीही निभावेल" असं स्वतःला पटवतो, आणि जहाज माणसांसकट बुडतं. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी तो दोषीच. तत्त्व म्हणून मला हे शंभर टक्के मान्य आहे. पण माझ्या खोलीत जहाजमालक येतो तो जहाज सुटण्याआधी, आणि त्याला दोषी म्हटलं की तो डोलकाठीला आणखी घट्ट मिठी मारतो.

पुराव्याचीच बाजू घेणारा इंग्रज तत्त्वज्ञ बेकन मला जास्त कामाला येतो. 1620 मध्ये त्याने एक जुनी गोष्ट सांगितली: नवस बोलून वादळातून वाचलेल्यांची चित्रं देवळात लावलेली दाखवली, तेव्हा एकाने विचारलं, "नवस बोलूनही बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?" आपल्या किनाऱ्यावर ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही. ती मी वर्षानुवर्षं इतरांना सांगत होते. तात्या घरी परतल्यावर त्या संध्याकाळी माझ्या फायली चाळल्या. दोन भेटींनंतर न आलेल्या कितीतरी जणांपुढे मी "सुधारणा" असं लिहिलं होतं.

तात्यांनी त्या वर्षी दोन करार सोडले, एक ठेवला. मुलीला तिन्ही सोडायला हवे होते. मला दोन पुरे वाटले.

मे महिन्यात एक पेटी आली. वरचे आंबे काढल्यावर पेंढ्यात खोचलेली वहीची घडी निघाली, पेन्सिलीने लिहिलेली: "डझनी खर्च 340. दलालाने दिले 310. थ्रिप्स धरून."