ॲब्लेशननंतर ठोके पुन्हा अनियमित झाले, म्हणजे उपचार फसला का?

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. यजमानांचे वय ५८, रक्तदाबाचा त्रास जुना, एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा ताल बिघडून ठोके अनियमित होण्याचा विकार, आपण सगळे त्याला एएफच म्हणतो) मुंबईत ॲब्लेशन, म्हणजे ताल बिघडवणाऱ्या जागेचे ऊतक निकामी करण्याचा उपचार, होऊन चार आठवडे झाले. सुरुवातीचे दिवस शांत गेले आणि गेल्या आठवड्यात एका रात्री नाडी १३०च्या आसपास जाऊन दोन तास अनियमित राहिली. आता अधूनमधून एखादा ठोका गळल्यासारखा वाटतो आणि पाठोपाठ छातीत धपकन आपटल्यासारखे होते. घरचे म्हणतात, एवढा खर्च पाण्यात गेला. हिरड्यांतून रक्त येते म्हणून रक्त पातळ करणारी गोळी थांबवावी का, आणि डोंबिवलीहून सीएसएमटीपर्यंतचा लोकलचा प्रवास कधी सुरू करावा, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी स्वतः या उपचारातून गेले आहे आणि त्यानंतर बऱ्याच रुग्णांशी व त्यांच्या घरच्यांशी बोलत आले आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांतला कोणताही बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करावा. परंतु या आठवड्यांत हृदयात नेमके काय चालते हे समजले, की निम्मी भीती कमी होते.

सगळ्यात महत्त्वाचे आधी सांगते. चौथ्या आठवड्यातल्या अनियमित ठोक्यांवरून उपचार यशस्वी झाला की फसला, हे ठरवताच येत नाही, आणि डॉक्टरही ते ठरवत नाहीत. ॲब्लेशननंतरच्या सुरुवातीच्या काळाला ते ब्लँकिंग पीरियड म्हणतात. अनेक वर्षे हा काळ तीन महिन्यांचा धरला जात असे. २०२४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी तो आठ आठवड्यांवर आणला. या काळात ठोके बिघडले तरी ती नोंद अपयशाच्या खात्यात धरत नाहीत. या दिवसांत एएफ पुन्हा डोके वर काढणाऱ्यांचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत निम्म्यापर्यंत जाते आणि त्यांतल्या पुष्कळांचे हृदय पुढे तालावर स्थिरावते. अर्थात अशांना पुढे एएफ परत येण्याची शक्यता काहीच त्रास न झालेल्यांपेक्षा जास्त असते, विशेषतः त्रास या काळाच्या अखेरीस होत असेल तर, हेही खरे आहे आणि ते मी तुमच्यापासून लपवणार नाही. पण ती शक्यता आहे, निकाल नव्हे.

असे का होते? १९९८ साली फ्रान्समधल्या बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की एएफ सुरू करणाऱ्या ठिणग्या बहुतांश वेळा फुफ्फुसांकडून हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी उडतात. या शिरा साधारणपणे चार असतात. ॲब्लेशनमध्ये जांघेतल्या शिरेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, वर नेऊन प्रत्येक शिरेच्या तोंडाभोवती उष्णतेने, थंडीने किंवा हल्ली विजेच्या सूक्ष्म स्पंदांनी ऊतक निकामी करतात, म्हणजे तिथून निघालेला विजेचा संदेश कप्प्यात पोहोचत नाही. पण ही रेघ पहिल्या दिवशी पक्की नसते. त्या जागेला सूज येते, दाह होतो, काही पेशी मरतात, काही नुसत्या बधिर होऊन पुन्हा जाग्या होतात, आणि पक्का व्रण तयार व्हायला कित्येक आठवडे लागतात. सुजलेले, चिडलेले ऊतक स्वतःच अवेळी ठोके निर्माण करते. म्हणजे ज्या जखमेने पुढे संरक्षण द्यायचे, तीच भरून येईपर्यंत त्रास देते.

आणखी एक गोष्ट बहुतेक कोणी आधी सांगत नाही आणि मग घरचे घाबरतात. ॲब्लेशननंतर निवांत बसलेले असतानाची नाडीही पूर्वीपेक्षा दहा-पंधरा ठोक्यांनी वाढलेली राहू शकते, कारण त्याच भागात हृदयाची गती आवरणाऱ्या मज्जातंतूंचे पुंजके असतात आणि त्यांनाही थोडी झळ बसते. पूर्वी ६५ असलेली नाडी आता ७८ दिसते, पण ताल एकसारखा आहे, अशी स्थिती असेल तर ती सहसा निरुपद्रवी असते आणि बऱ्याच जणांत काही महिन्यांत खाली येते.

आता तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारी वेगळ्या करून पाहू, कारण त्या एकच नाहीत.

ठोका गळणे आणि मग धपका बसणे, हे बहुतेक वेळा अवेळी आलेल्या एका जादा ठोक्याचे लक्षण असते. हा ठोका वेळेआधी येतो, तेव्हा हृदय पुरते भरलेले नसते, म्हणून तो मनगटाला जाणवतही नाही. त्यानंतर हृदय थोडे जास्त थांबते, त्या वेळात जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात पडतो. छातीत आपटल्यासारखे जे वाटते, तो हा पुढचा, निरोगी ठोका असतो. रात्री डाव्या कुशीवर झोपल्यावर हे अधिक जाणवते, कारण हृदय छातीच्या भिंतीला टेकते. मला स्वतःला तेव्हा उजव्या कुशीवर वळल्यावर बरे वाटत असे. असे सुटे ठोके दिवसभरात निरोगी माणसालाही येत असतात. आपण लक्ष ठेवून नसतो एवढेच.

दोन तास चाललेली १३०ची अनियमित धडधड मात्र बहुधा एएफचीच असावी, आणि ती डॉक्टरांच्या कानावर घातलीच पाहिजे, जरी ती आपोआप थांबली असली तरी. फरक बोटांनी ओळखता येतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला तीन बोटे हलकी ठेवावीत, भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा पाहत पुरे एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नये. सुट्या ठोक्यांमध्ये मूळ ताल कायम असतो, मध्येच एक खाडा पडतो आणि ताल परत सापडतो. एएफमध्ये ताल मुळी सापडतच नाही: दोन ठोके घाईने, एक अगदी हलका, मग मोठे अंतर, मग पुन्हा तीन घाईने. आणि तिसराही एक प्रकार लक्षात ठेवा. नाडी एकदम नियमित, पण शांत बसूनही १५०च्या आसपास खिळून राहिलेली, चालले-बसले तरी न बदलणारी. ॲब्लेशननंतर काहींना एट्रियल फ्लटर होतो, त्यात वरच्या कप्प्यात विजेचा संदेश मिनिटाला सुमारे ३०० वेळा गोल फिरतो आणि खाली दर दोनातला एकच ठोका उतरतो, म्हणून हा आकडा. औषधे चालू असतील तर तो कमीही असतो. नियमित आहे म्हणून हा प्रकार घरी दुर्लक्षिला जातो. त्याचा ईसीजी त्याच दिवशी काढून घ्यावा.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि रक्तदाबाचे घरगुती यंत्र अनियमित तालात नाडीचा आकडा हमखास चुकवतात, कारण हलके ठोके त्यांना पकडता येत नाहीत. रक्तदाब मोजायचाच असेल तर थोड्या थोड्या अंतराने तीन वेळा मोजून सरासरी काढावी. यजमानांच्या हातातले घड्याळ एका लीडचा ईसीजी काढत असेल तर त्रास होत असतानाची अर्ध्या मिनिटाची पट्टी जपून ठेवा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तिचा उपयोग कितीतरी जास्त होतो. मात्र त्रास नसताना दर तासाला पट्टी काढत बसण्याने काळजी वाढते, काळजीने ॲड्रेनलिन वाढते आणि ॲड्रेनलिनने ठोके वाढतात. सकाळी एकदा, रात्री एकदा आणि त्रास झाला तर तेव्हा, एवढे पुरे.

आता गोळीबद्दल, आणि इथे मी आग्रहाने लिहीत आहे. हिरड्यांतून थोडे रक्त येते म्हणून स्वतःच्या मनाने रक्त पातळ करणारी गोळी एक दिवसही थांबवू नका. ॲब्लेशननंतर वरच्या कप्प्याच्या आतल्या अस्तराला इजा झालेली असते आणि तो कप्पा काही काळ नीट आकुंचन पावत नाही, त्यामुळे ठोके नियमित असोत की अनियमित, गुठळी होऊन मेंदूकडे जाण्याचा धोका या आठवड्यांत जास्त असतो. म्हणूनच किमान दोन ते तीन महिने ही गोळी सगळ्यांनाच देतात. अपिक्सॅबॅन किंवा डॅबिगॅट्रान घेत असतील तर त्यांचा परिणाम दिवसभरात उतरतो, म्हणजे दोन गोळ्या चुकल्या तरी संरक्षण जवळजवळ नाहीसे होते. रिव्हरॉक्सॅबॅन असेल तर ती पोटभर जेवणासोबतच घ्यावी, उपाशीपोटी ती पुरती शोषली जात नाही. उपासाच्या दिवशी हे विसरले जाते. एसिट्रॉम असेल तर आयएनआरची (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची) तपासणी ठरलेल्या वेळी करावी आणि पालेभाज्या बंद न करता त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. हिरड्यांसाठी मऊ ब्रश वापरा, आणि पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना फोनवर सांगा. ते मात्रा किंवा रक्ताची तपासणी पाहतील. काळी डांबरासारखी शौचास होणे, लघवीतून रक्त, डोक्याला मार लागणे, जांघेत अचानक गोळा येऊन वाढत जाणे, यांपैकी काहीही झाले तर फोनवर थांबू नका, थेट रुग्णालयात जा.

पुढे ही गोळी कायम घ्यायची की नाही, हे ठोके कसे आहेत त्यावर ठरत नाही. वय, रक्तदाब, मधुमेह, आधी झालेला पक्षाघात, हृदयाची दुर्बलता अशा गोष्टींवरून ठरते. यजमानांना रक्तदाब आहे, तेव्हा हा प्रश्न तीन महिन्यांनी शांतपणे विचारण्याजोगा आहे.

सांधे दुखतात म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असलेली गोळी आणू नका. रक्त पातळ करणाऱ्या औषधासोबत पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते. शेजारणीने सांगितलेला काढाही डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको. ॲमिओडॅरोन हे ताल राखणारे औषध चालू असेल तर ग्रेपफ्रूट टाळायला सांगतात, आणि आपल्याकडे गणपतीत घरोघरी येणारे पपनस त्याच्याच भावकीतले आहे, म्हणून तेही विचारूनच खावे. ॲसिडिटीची म्हणून दिलेली गोळी बरेच जण 'मला ॲसिडिटी नाही' म्हणून सोडून देतात. ती इथे अन्ननलिकेसाठी असते, कारण अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी चिकटून मागून जाते आणि उष्णतेची झळ तिला लागू शकते.

त्यावरूनच एक दुर्मीळ पण जिवावरचा धोका सांगते, कारण तुम्ही अजून त्या काळात आहात. ॲब्लेशननंतर पहिल्या दोनेक महिन्यांत ताप, थंडी, गिळताना दुखणे, छातीत दुखणे, बोलण्यात अडखळणे किंवा हातापायात अशक्तपणा असे काही झाले, तर साध्या तापाची गोळी देऊन घरी ठेवू नका आणि जवळच्या दवाखान्यात सलाईन लावून थांबू नका. हृदय आणि अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र पडल्याची ती लक्षणे असू शकतात. ज्या रुग्णालयात ॲब्लेशन झाले तिथेच किंवा हृदयशस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जा, ॲब्लेशन झाल्याचे आणि त्याची तारीख पहिल्याच वाक्यात सांगा. अशा वेळी आधी छातीचा सीटी स्कॅन करतात. दुर्बीण घालून अन्ननलिका पाहणे धोक्याचे ठरते, कारण त्यात हवा भरावी लागते. डिस्चार्ज कार्डाचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलवर असू द्या.

शुद्ध हरपणे, चालता न येण्याइतका दम लागणे, छातीत दाबल्यासारखे दुखणे, तोंड वाकडे होणे, यांसाठी १०८ला फोन करावा; स्वतः गाडी चालवत निघू नये. नुसती धडधड असेल, रक्तदाब ठीक असेल आणि माणूस बोलता-चालता असेल, तर शांत बसून पट्टी काढावी आणि डॉक्टरांना कळवावे. ती किती वेळ चालली की यायचे, हे त्यांच्याकडून आत्ताच स्पष्ट आकड्यात विचारून ठेवा. अनियमित ताल लांबला तर औषध बदलतात किंवा थोडी भूल देऊन हलका शॉक देतात. तो या काळात दिला जाणे नेहमीचे आहे, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकही न चुकवता घेतलेल्या असल्या तर तो लवकर आणि निर्धास्तपणे देता येतो. गळ्यावरची शीर चोळणे किंवा श्वास कोंडून जोर लावणे हे प्रकार एएफ थांबवत नाहीत, घरी करू नयेत.

घाम आणि जुलाब यांमुळे शरीरातले पोटॅशियम व मॅग्नेशियम कमी झाले तरी ठोके बिघडतात. मुंबईच्या ऑक्टोबरच्या उकाड्यात पाणी पुरेसे प्यावे, पण शहाळे रोज सुरू करण्याआधी मूत्रपिंडाचा अहवाल आणि रक्तदाबाची गोळी कोणती आहे ते डॉक्टरांना दाखवा, कारण काही गोळ्यांनी पोटॅशियम आधीच वाढलेले असते. दारू मात्र पूर्ण बंद. दिवसाचे एक-दोन कप चहा मी सोडले नाहीत आणि माझ्या डॉक्टरांनीही सोडायला सांगितले नाहीत. यजमान जोरात घोरत असतील, झोपेत श्वास अडकत असेल, तर त्याची तपासणी जरूर करून घ्या. वजन जास्त असेल तर ते उतरवण्याने एएफ परत येण्याचे प्रमाण खरोखर घटते. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड येथील डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दहा टक्के किंवा अधिक वजन उतरवून ते टिकवणाऱ्यांना याचा मोठा फायदा झालेला दिसला.

लोकलबद्दल. जांघेतली जखम चौथ्या आठवड्यापर्यंत सहसा भरलेली असते, त्यामुळे अडचण प्रवासाची नसते, गर्दीची असते. डोंबिवलीला सकाळच्या फास्ट गाडीत लोंबकळत चढणे रक्त पातळ असताना योग्य नाही; पडणे, आपटणे, डोक्याला मार लागणे हाच खरा धोका. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी दुपारच्या रिकाम्या गाडीने एक-दोन स्टेशने सोबतीने जाऊन यावे, जिन्याऐवजी असेल तिथे सरकता जिना घ्यावा, आणि कार्यालयात वेळ बदलून मिळते का पाहावे. पाण्याचा वीस लिटरचा कॅन उचलणे, पलंग सरकवणे अजून नको. त्यांच्या पाकिटात गोळीचे नाव आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी राहू द्या.

पुढच्या भेटीला जाताना त्या रात्रीची पट्टी, सकाळ-संध्याकाळच्या नाडीची वही, चालू गोळ्यांच्या पाकिटांचा फोटो आणि हिरड्यांची तक्रार, हे सगळे बरोबर न्या, आणि होल्टर (दिवसभर ईसीजी नोंदवणारे अंगावरचे यंत्र) कधी लावणार, ॲमिओडॅरोन चालू असेल तर थायरॉइडची तपासणी कधी, हे दोन प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. भेटीनंतर काय ठरले ते इथे कळवलेत तर पुढचे बोलता येईल.